दोन पेडलची पिकअप

मी कुठेही पोचले की दारातच पहिला प्रश्न यायचा, "कोन घिऊन आलं?" कशी आहेस, जेवलीस का, हे सगळं नंतर. आधी माझ्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघायचं. लग्नाआधी उत्तर असायचं, भाऊ. लग्नानंतर, हे. मला मनातून फार राग यायचा. मी काय ज्वारीचं पोतं आहे का, कुणीतरी उचलून आणायला? पण खरं सांगायचं तर आणावंच लागायचं. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय बारीकच राहिला. पायाला आधाराचा कॅलिपर घालून, गुडघ्यावर हात दाबत मी चालते. घरात, शेडमध्ये, बाजारात चालते. एसटीची पायरी मात्र अजून मला बघून हसते.

आमचा धंदा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा. घरामागच्या शेडमध्ये बायका भाकरी थापतात, भाजून कडक करतात. पॅकिंग आणि ऑर्डरी मी बघते, आणि माल पोचवायचं काम आमचे हे करतात. अक्कलकोट, नातेपुते आणि मधली सगळी दुकानं. जुन्या पिकअपमध्ये यांच्या शेजारच्या सीटवर मी अर्धं आयुष्य काढलं. कुठल्या दुकानदाराला किती माल लागतो, कुठला पूल अरुंद आहे, सगळं मला पाठ. "पुढं खड्डा आहे, डावीकडनं घ्या," असं मी सांगायचं आणि यांनी बरोबर खड्ड्यातूनच घ्यायची, हा आमचा संसार. चालवणं सोडून गाडीतलं सगळं मला येत होतं.

लग्न नवं होतं तेव्हा यांनी एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. मोकळ्या मैदानात नेलं आणि मला स्टिअरिंगमागे बसवलं. मी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवला. पेडल जागचं हललं नाही. मग हे शेजारून वाकून हातानेच क्लच दाबायला लागले. मी गिअर टाकला, यांनी हात सोडला, गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. दोघंही पोट धरून हसलो. घरी आल्यावर मात्र तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

जुनी पिकअप दर महिन्याला गॅरेजला जायला लागली तेव्हा नवी घ्यायचं ठरलं. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या पुढे एका शोरूममध्ये गेलो. नवीन आलेली मधल्या आकाराची पिकअप होती. पुढे पाच माणसं बसतील अशी केबिन, मागे ऐसपैस हौदा. एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक डिझेल, गिअरची. दुसरी बॅटरीवरची. यांचं घरूनच ठरलेलं होतं, डिझेल. हे आणि तिथला विक्रेता बॉनेट उघडून गप्पा मारत बसले. उभं राहून माझी कंबर धरली, म्हणून मी जवळच्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, कडीला धरून कशीबशी चढून बसले. ती बॅटरीची निघाली.

बसल्यावर सहज खाली बघितलं. दोन पेडल होती.

"अहो, क्लच कुठाय?" मी जवळ उभ्या असलेल्या शोरूमच्या मुलाला विचारलं.

"ह्याच्यात क्लच नसतोच मॅडम. गिअरपण नाही. डाव्या पायाला काहीच काम नाही."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो कुणाला काय सांगतोय. मी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खाली उतरले. पण मनात एकच गोष्ट बसली होती. ही गाडी मला चालवता येईल. मी एकटी माझ्या माहेरी जाईन, आणि दारात कुणी विचारलं तर माझ्या पाठीमागे कुणीही नसेल.

एवढं सरळ सांगायला काय झालं होतं? तेच मला जमेना. हे नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, भांडण मला येतं. पण कीव येऊन हो म्हणाले असते तर ती गाडी मला नको झाली असती. म्हणून मी आडून सुरू केलं. रात्रीच्या जेवणात डिझेलचा धूर काढला. सकाळी चहाला डिझेलचा भाव काढला. मी एवढी पर्यावरणाची झाले की शेडमधल्या बायका माझ्याकडे बघून गालात हसायला लागल्या. हे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "नातेपुत्याला जाऊन यायचं म्हंजे चार्जिंगचं काय? वाटंत बंद पडली तर भाकऱ्या डोक्यावर आनू व्हय?"

शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. कडक भाकरीचा शत्रू म्हणजे हादरा. जुन्या पिकअपमध्ये इंजिन चालू झालं की हौद्यापर्यंत सगळं थरथरायचं, आणि प्रत्येक फेरीला मोडलेल्या भाकरीचा ढीग परत यायचा. मी म्हणाले, बॅटरीच्या गाडीला थरथर नाही, भाकरी मोडणार नाही. यांचे कान टवकारले. धंद्याची गोष्ट आली की माणूस ऐकतो.

मग ठरलं, भाकरीवरच परीक्षा घ्यायची. आम्ही सारख्या भरलेल्या दोन खोक्यांसकट शोरूममध्ये हजर. विक्रेत्याने आजवर नारळ घेऊन आलेली गिऱ्हाइकं बघितली असतील, भाकरी घेऊन आलेली बहुतेक पहिलीच. एक खोकं डिझेलच्या हौद्यात, दुसरं बॅटरीच्या. यांनी आधी एक गाडी फिरवून आणली, मग दुसरी, त्याच रस्त्याने. मी दोन्ही वेळा शेजारी. बॅटरीची गाडी खरंच काही बोलत नव्हती. मागच्या खोक्यातली कुरकुर तेवढी ऐकू येत होती, आणि ती ऐकूनच माझं तोंड उतरायला लागलं.

खोकी उघडली. दोन्हीकडे सारखाच चुरा. आपल्या रस्त्यांपुढे डिझेल काय आणि बॅटरी काय!

विक्रेत्याने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. यांनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि मला म्हणाले, "भाकऱ्या तर मोडल्या की गं. आता खरं काय ते सांग."

"मला चालवायचीय," मी म्हणाले. माझाच आवाज मला लहान मुलीसारखा वाटला.

यांनी हात झटकले. बॅटरीच्या गाडीचं दार उघडलं, वाकून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मी दुसऱ्या बाजूला उभी, हातात मोडकी भाकरी. वाटलं, आता म्हणतील, हट्ट नको करू. हे सरळ झाले आणि विक्रेत्याकडे वळले.

"माल भरून नातेपुत्याला जाऊन यायला पुरतंय का ह्ये?"

"रिकामी असेल तर आरामात. भरलेली असली तर वाटेत एकदा थोडा वेळ लावावी लागेल."

"लावू की," हे म्हणाले. "तसंबी चहाला थांबतोच आमी."

माझा जीव भांड्यात पडला. त्या माणसावर त्या क्षणी मला जेवढं प्रेम वाटलं, तेवढं लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तसं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गाडी घरी आली त्या दिवशी पूजेला सगळी गल्ली जमली. हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. हे स्टिअरिंगवर बसले आणि सगळे आवाजाची वाट बघत उभे राहिले. "चालू करा की," शेडमधली एक बाई म्हणाली. "चालूच हाय," हे आतून म्हणाले. कुणाचा विश्वास बसेना. मग गाडी पुढे सरकली, चारही लिंबं फुटली, आणि सगळ्यांत मोठा आवाज झाला तो लिंबांचाच.

मला शिकवायला हे अक्कलकोट रोडच्या एका नव्या लेआउटमध्ये घेऊन जायचे. प्लॉट पडलेले, रस्ते झालेले, घरं अजून नाहीत. आता शेजारच्या सीटवर हे. मी गाडी काढली की यांचे दोन्ही पाय खालच्या मॅटवर नाचायचे. डावा क्लच शोधायचा, उजवा ब्रेक दाबायचा. "पुढं खड्डा हाय, डावीकडनं घे," हे ओरडायचे आणि मी बरोबर खड्ड्यातून घ्यायचे. शेजारच्या सीटवरचं दुःख काय असतं ते त्यांना उशिरा का होईना कळलं. माझा डावा पाय मात्र कोपऱ्यात स्वस्थ बसून असायचा. डॉक्टरचं सर्टिफिकेट झालं, लर्निंग झालं, परीक्षा झाली. आरटीओच्या साहेबांनी गाडी चढावर थांबवायला लावली, परत काढायला लावली. मी काढली. लायसन्स हातात आल्यावर मी ते पर्समध्ये ठेवायच्या आधी शेडमधल्या प्रत्येकीला दाखवलं.

नागपंचमी जवळ आली. आमच्याकडे पंचमीला लेकीने माहेरी जायचं, पण आपल्या पायाने नाही. माहेरचं माणूस न्यायला येतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की सासरी त्याचं कौतुक, आणि नाही आला तर लेकीचं तोंड एवढंसं. भावाचा नेहमीसारखा फोन आला, "कधी येऊ न्यायला?" मी म्हणाले, "येऊ नको. मी येते." तर म्हणाला, "दाजी घिऊन येत्यात व्हय?" मी फोन ठेवला.

यांना बरोबर यायचं होतं, मला दिसत होतं. त्यांनी न विचारता काच पुसली, पुसलेली काच परत पुसली, टायर लाथेने तपासले. पण तोंडाने म्हणाले नाहीत. मी निघाले तेव्हा फाटकाशी उभे होते. आरशात मला ते दिसत राहिले.

हायवेवर एक कंटेनर शेजारून असा गेला की मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. मागे खोक्यात अव्वासाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, घेतलेली भाकरी कुरकुरत होती, तीच सोबत. गावाच्या फाट्यावर शेळ्यामेंढ्यांचा कळप आडवा. आवाज नाही, त्यामुळे एकही शेळी हलेना. त्यांच्यामागची बाई एकदम दचकून वळली, "अवं, वाजवा की! गाडी हाय का भूत?" मी हॉर्न वाजवला आणि तिथेच मला मोठ्याने हसू आलं. मग भीती गेली.

घरासमोर थांबले. शेजारची म्हातारी ओट्यावरच होती. मी उतरले, कॅलिपर सारखा केला, आणि तिने विचारलंच, "कोन घिऊन आलं गं?"

"मीच आले," मी म्हणाले. ती उठून केबिनमध्ये डोकावून आली.

तेवढ्यात अव्वा दारात आली. ऐंशीच्या पुढची, पण काठी घेत नाही. याच बाईने मला कडेवर घेऊन सोलापूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या केल्या होत्या. मी चांगली मोठी झाले, माझे पाय तिच्या गुडघ्याखाली लोंबायला लागले, तरी करत होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडून आत बघितलं.

"आनि ह्यो पाय काय करतो?" तिने माझ्या डाव्या पायाकडे बोट केलं.

"काय न्हाय अव्वा. त्याला काम न्हाय ह्यात."

मला वाटलं, आता रडेल. मी तिला धरायला पुढे झाले. पण ती तडक आत गेली. बाहेर आली ती ठेवणीतलं इरकल नेसून, हातात पिशवी.

"मला ने," म्हणाली.

"कुठं?"

"माज्या माहेरी."

तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाची हद्द ओलांडली की लगेच. तिचे भाऊ एकेक करून गेले. शेवटचा गेल्यापासून तिला न्यायला कुणी मुराळी आला नव्हता, आणि न्यायला कुणी आल्याशिवाय ती जाणार नव्हती. माझा भाऊ मोटरसायकलवर नेतो म्हणायचा, पण तिला तिच्यावर बसायला जमायचं नाही. हे सगळं मला माहीत होतं. ऐंशी वर्षांच्या बाईलाही पंचमीला माहेर आठवतं, एवढंच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला भडभडून आलं. तिला नव्हतं आलं. ती गाडीच्या दाराशी उभी होती, उशीर होतोय असं तोंड करून.

मी बॅटरी बघितली. अर्ध्याच्या वर होती, जाऊन यायला पुरत होती. भावाने स्टूल आणलं, त्यावर पाय देऊन अव्वा चढली. वाटभर तीच रस्ता सांगत होती. "हितं वळ. न्हाय न्हाय, फुडं. त्यो खड्डा बग." मी खड्ड्यातूनच घेतली.

तिच्या माहेरच्या दारात एक वाकलेली म्हातारी आली, अव्वाच्या थोरल्या भावाची बायको. त्या पिढीतली तेवढीच उरलेली. तिने डोळ्यांवर हात धरून अव्वाला बघितलं, ओळखलं, आणि कानडीत विचारलं, "यार कर्कोंड बंद्रु?" तोच प्रश्न, कोण घेऊन आलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अव्वाने माझा हात घट्ट धरला.

"नन्न मगळु," ती म्हणाली. माझी लेक.

म्हातारीने माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, मग गाडीकडे. आणि ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाणी आणायला ती घाईघाईने आत वळली. पर्समधला फोन वाजला. हे होते. सकाळपासून धरलेला दम सुटल्याचं आवाजात कळत होतं.

"पोचलीस का?"

"पोचले," मी म्हणाले. "अव्वाला घेऊन आलेय."