मामांचा पेटीतला समुद्र

लोक सकाळी उठून देवाला जागं करतात. माझे मामा समुद्राला जागं करायचे. तोंड धुऊन झालं की चहाच्याही आधी ते बाहेरच्या खोलीत जात, खुंटीवरची करवंटीची पळी काढत आणि भिंतीशी ठेवलेल्या काचेच्या पेटीतलं पाणी उचलून उंचावरून परत पेटीत सोडत बसत. पाण्यात हवा मिसळली नाही तर आतले जीव गुदमरतात, म्हणून हा खटाटोप. संध्याकाळी कामावरून आले की पुन्हा तेच. "मामा, माणसांनाही चहा लागतो," असं मी म्हटलं, की मागे न बघता म्हणायचे, "माणसं ओरडून मागतात गो. ही बिचारी कुठे ओरडतात?"

मामा महाडच्या खाडीतल्या बंदरावर लाँचचे एजंट होते. बाणकोटकडे जाणाऱ्या उतारूंना तिकिटं द्यायची, येणाऱ्या मालावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. उभा जन्म लाँचच्या धुरात गेला, पण स्वतः मात्र ते कधी समुद्रावर गेले नाहीत. बोट लागायची त्यांना! धक्क्याला बांधलेल्या लाँचमध्ये पाय ठेवला तरी तोंड पिवळं पडायचं. "मला जाता येत नाही, मग त्यानेच यावं," असं म्हणून त्यांनी समुद्र घरी आणला होता. सागवानी चौकटीत चार काचा, सांध्यांत लांबी भरून वर डांबर. लग्न केलं नाही, व्यसन केलं नाही, ही पेटी केली.

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आली की लाँच थेट महाडपर्यंत यायची आणि ती चालवणारा सारंग मामांसाठी पिंपातून खारं पाणी आणायचा. त्या दिवशी पेटीतलं पाणी बदलायचं. त्यामुळे मामांची सगळी कामं उधाणाला टांगलेली असत. छपराचं कौल फुटलं, "उधाणाला बघू." चष्म्याची काडी तुटली, "उधाणाला बघू." आई चिडून म्हणायची, "वसंता, मी मेले तर मला उधाणाला पोहोचवशील!" मामा शांतपणे म्हणायचे, "अक्का, त्याचंही उधाणालाच बघू."

वडील गेल्यापासून आई आणि मी मामांकडेच राहत होतो. मामांनी मला शिकवलं, हवं-नको पाहिलं, पण माझ्यावर माया आहे असं तोंडाने कधी बोलले नाहीत. त्यांचं सगळं लाडिक बोलणं पेटीतल्या समुद्रफुलासाठी राखलेलं. हे फूल म्हणजे खरं तर प्राणीच. एका दगडाला चिकटलेला, शेंदरी पाकळ्या पाण्यात हलवणारा. मामांनी सुक्या जवळ्याचा दाणा पुढे धरला की पाकळ्या हळूच मिटायच्या. मी परकर नेसत होते तेव्हापासून ते फूल त्या घरात होतं. कधीकधी मला त्याचा हेवा वाटायचा.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पोलादपूरकडचं एक स्थळ मला सांगून आलं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर. पाहायला आला तेव्हा त्याने प्रश्न वगैरे काही विचारले नाहीत. पेटीपाशी जाऊन फुलाकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "हे मिटतं कधी?" मला तो तेव्हाच आवडला. आता म्हातारपणी सांगायला लाज कसली? आईला तर हे स्थळ म्हणजे देवाने पाठवलेलंच वाटत होतं, कारण आधीची दोन, बापाविना पोर म्हणून परत गेली होती.

मुलाच्या घरी सत्ता त्याच्या आत्याची. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली, भावाचं घर, शेत, गुरं सगळं एकहाती चालवणारी बाई. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या बोलणी पक्की करायला आल्या. मानाची खुर्ची पेटीशेजारची, तिथे त्यांना बसवलं. चहा झाला, पत्रिका जुळल्याचं सांगून झालं. मग आत्याबाई उजवा हात उंच करून म्हणाल्या, "तर मंग आमच्याकडून..."

टक्.

नखाने भांड्यावर टिचकी मारावी तसा स्वच्छ आवाज. आईने जमिनीवर बोटं टेकवून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. आत्याबाईंनीही म्हटलं. शुभकार्याच्या बोलण्यात पाल चुकचुकली तर पुढचं बोलायचं नसतं, हे दोघींनाही पक्कं ठाऊक. आत्याबाईंनी क्षणभर थांबून पुन्हा हात उचलला, "आमचं मन हाय, पन..." आणि पुन्हा टक्. त्यांनी हात खाली घेतला, पदर सावरला. "येते अक्का. बघू काय ता," एवढं बोलून त्या उठल्या. पुढे केलेली साखरेची वाटी तशीच राहिली.

त्यानंतर घरात दुसरा विषय उरला नाही. आईने लग्नाचं नाव काढलं, की टक्. ती नवस बोलली, तरी टक्. दुसरं काहीही बोला, पाल गप्प. मामांनी झाडू घेऊन भिंती, माळा, कौलं धुंडाळली. घरात एकही पाल नव्हती. ते कळल्यावर आई जास्तच घाबरली. न दिसणारी पाल म्हणजे काय, या विचाराने तिने अन्न टाकलं. मी माजघरात बसून भाजी निवडत असे आणि कान सारखे बाहेरच्या खोलीकडे. त्या एका आवाजाची मला इतकी धास्ती बसली, की दाराची कडी वाजली तरी निवडलेली भाजी हातातून गळायची. आषाढ लागला की बोलणी बंद, आणि आषाढ जवळ आला होता.

त्याच दिवसांत मामांच्या गोगलगायी मरायला लागल्या. वाळूवर फुटक्या शंखांचे तुकडे सापडत. एक खेकडा गेला, मग दुसरा. मामा पळी हातात घेऊन नुसते बघत उभे राहायचे.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर मामा पेटीसमोर उभे राहून नमस्कार करत होते. पेटीच्या वर भिंतीवर गणपतीची तसबीर होती, पण मामांनी तिला कधी हात जोडलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी हात जोडले, खाली घेतले, पुन्हा जोडले. मला वाटलं, काळजीने माणूस देवाला लागला. मामा म्हणाले, "गो, ऐक." त्यांनी हात झपकन वर नेले. काचेतून आवाज आला. टक्.

"पाल नाही ही. पेटीत कोणीतरी आहे. हात हलला की काचेवर ठोसा मारतंय." मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. लग्नाचा विषय निघाला की आई त्या तसबिरीला हात जोडायची. आत्याबाई निर्णयाचं बोलताना हात उंच करायच्या, तेही पेटीशेजारी बसून. मामांच्या पळीच्या वेळी पाण्याच्या आवाजात ती टिचकी बुडून जात होती. पावसाआधीच्या शेवटच्या लाँचने सारंगाने एक नवा दगड आणला होता, त्यातून हा बिनतिकिटाचा उतारू आला होता. आणि बिऱ्हाड थाटलं होतं नेमकं फुलाच्या दगडातल्या भोकात.

मामांनी दोऱ्याला कोळंबी बांधून सोडली. आमिष नाहीसं झालं, चोर दिसला नाही. काडी घातली तर काडीचे दोन तुकडे झाले. "गोडं पाणी ओतलं की बाहेर येईल," मामा म्हणाले. पण दोघांचा दगड एकच. गोडं पाणी फुलालाही सोसत नाही. फुलाला दगडावरून सोडवायला गेलं तर ते फाटतं. आणि आता लाँच बंद, नवं पाणी नाही, नवं फूल नाही. "मग काय करायचं?" मी विचारलं. मामा फुलाकडे बघत म्हणाले, "उधाणाला बघू."

मी आत जाऊन रडले.

आणि मग पोलादपूरच्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप आला, की आत्याबाई पत्रिका परत द्यायला येतायत.

त्या आल्या. खुर्चीवर टेकल्या. कंबरेच्या पिशवीतून घडी केलेली पत्रिका काढली. आईचा चेहरा पांढरा पडला होता. मामा पुढे झाले. "आत्याबाई, पाल नव्हती ती." त्यांनी पेटीपुढे हात हलवला. टक्. पुन्हा हलवला. टक्. आत्याबाईंनी नीट पाहिलं, पण पाण्यात दिसत काहीच नव्हतं.

"आवाज खरा हाय," त्या म्हणाल्या. "पन करतंय कोन? मला दिसत नाय. घरी जाऊन भावाला काय सांगू, पान्यानं टिचकी मारली म्हनून? काय आसंल ता दावा, नायतर ही घ्या पत्रिका."

मामा पेटीपाशी उभे राहिले. फूल पूर्ण उमललेलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. आत्याबाईंनी पत्रिका आईच्या दिशेने पुढे केली. आईने हात उचलला.

"थांब अक्का," मामा म्हणाले. "गो, परात आण. आणि पिण्याच्या पाण्याची कळशी."

मी आणली. घाईत पाणी डुचमळून पायावर सांडलं. मामांनी बाह्या सारून दोन्ही हात पेटीत घातले आणि दगड अलगद उचलून परातीत ठेवला. पाण्याबाहेर येताच फूल मिटून गोळा झालं. मामांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि कळशी उपडी केली.

आधी काहीच झालं नाही. मग भोकातून काहीतरी हिरवं सळसळत बाहेर झेपावलं. बोटभर लांब, कोळंबीचा चुलत भाऊ म्हणावा असं, दोन डोळे दांड्यांवर उभे, आणि पोटाशी दुमडलेल्या दोन मुठी. परातीवर एकच घाव घातला, टण्! आई किंचाळली. मामांनी त्याला मुठीत धरलं. पुन्हा टक् झालं आणि मामांच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं. रक्त परातीत ठिबकलं, तरी त्यांनी मूठ सोडली नाही. तसेच उठले आणि त्याला परत पेटीत टाकलं.

आत्याबाई परातीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. त्या जनावराकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग बराच वेळ दगडाकडे पाहत राहिल्या. "ह्या फुलाचं काय आता?"

"ते जाईल," मामा म्हणाले.

"ठाव हुतं तुम्हाला?"

"हो."

आत्याबाईंनी पत्रिका उचलून पुन्हा पिशवीत ठेवली. आईला म्हणाल्या, "अक्का, साखर आना." आणि हात चांगला उंच करून, पेटीकडे बघत, "मुलगी आमची झाली!" असं ठणकावून सांगितलं. पेटीतून टक् झालं. कोणीही कृष्णाचं नाव घेतलं नाही.

मामांनी दगड खाऱ्या पाण्यात परत ठेवला, पण फूल पुन्हा उघडलं नाही. त्या पाहुण्याला मात्र त्यांनी पावसाळाभर खाऊ घातलं आणि लाँच सुरू झाल्यावर सारंगाबरोबर बाणकोटला परत धाडलं आणि पेटी उपसून ठेवली. "तिकीट न काढता आला होता, पण त्याचं काय चुकलं?" म्हणाले. माझ्या पाठवणीच्या वेळी मी विचारलं, "मामा, पेटी पुन्हा भराल ना?" माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "उधाणाला बघू." किती उधाणं आली आणि गेली. पेटी कोरडीच राहिली, आई तिच्यात पोहे ठेवायची.

संसार सुखाचा झाला. वर्षं गेली. मामा अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी महाडला धावले. दुपारची वेळ होती. मी उशाशी बसून त्यांचा हात हातात घेतला. नख तसंच दुभंगलेलं होतं, ते पुन्हा कधी सांधलंच नव्हतं.

"मामा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," मी म्हटलं. "पण तुम्हाला जरा बरं वाटू दे, मग सांगते."

त्यांनी डोळे उघडले. "उधाणाला?" असं म्हणून हसले. मग माझा हात दाबला. "आत्ता सांग गो."

मी सांगितलं. माझ्या घरातलं सगळं सुख त्या एका कळशीतून आलं, हे मी रोज आठवते, आणि तुमच्याइतकी माया माझ्यावर कोणीच केली नाही. मामा सगळं ऐकत होते. बाहेरच्या खोलीच्या भिंतीकडे, पेटी होती त्या बाजूला, त्यांनी मान वळवली.

"फूल सुंदर होतं मात्र," ते म्हणाले.

अमावास्येचं उधाण तोंडावर आलं होतं. मामांनी वाट पाहिली नाही.