पुष्पाच्या नावावर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मी नर्स आहे, दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात. घर गाझियाबादला. कोविडमध्ये आमचा अख्खा वॉर्ड कोविडचा झाला, आणि आम्ही पेशंटपेक्षा एकमेकींनाच जास्त घाबरू लागलो. पेशंटजवळ जाताना अंगावर किट असायचं. चहाच्या खोलीत मात्र तोंडं उघडी. कुणी खाकरलं की माना वळायच्या. कुणाच्या घरी कोण झोपून आहे, कोण मास्क नाकाखाली ओढतं — सगळं आम्ही मनात टिपायचो. माझी नजर तर फारच तिखट होती.

ती जास्त करून असायची पुष्पावर. पुष्पा पानिपतची, माझ्याहून लहान. मला दीदी म्हणायची. रस्ते बंद असतानाही ओळखपत्र दाखवत, मिळेल त्या गाडीनं ती ड्यूटीवर पोचायची. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं, नाही का? मला वाटायचं — ही येताना काय काय घेऊन येत असेल?

एका सकाळी वरणाला फोडणी देताना मला हिंगाचा वास आला नाही. डबी नाकाशी धरली. काहीच नाही. याचा अर्थ काय, ते मला तिथेच कळलं. पेशंटना मी रोज हेच तर विचारत होते.

"बरी आहेस ना गं?" नवऱ्यानं विचारलं.

"एकदम," म्हटलं, आणि ड्यूटीवर गेले.

का गेले? त्याच वॉर्डात खाटेवर पडायची भीती होती, हे खरं. पण पूर्ण खरं नाही. ज्या नजरेनं मी सगळ्यांकडे बघत होते, तीच आता माझ्यावर वळणार — हे मला सोसणार नव्हतं.

त्या दिवशी इन्चार्ज सिस्टर चहाला माझ्या शेजारी येऊन बसल्या. दमल्या होत्या. मास्क काढून मुलीच्या कॉलेजबद्दल बोलत राहिल्या. मी उठू शकले असते. पण उठले असते तर त्यांनी विचारलं असतं, काय झालं? मग मीही मास्क काढला आणि चहा प्यायले.

काही दिवसांत पुष्पाला ताप आला. मागोमाग सिस्टरांनाही. सगळ्यांची तपासणी होणार म्हटल्यावर मी पोट बिघडल्याचं सांगून घरी बसले. त्याआधी मात्र — कुणी काही विचारलेलं नसताना — चहाच्या खोलीत म्हणाले, "पुष्पा रोज पानिपत से आती है. पता नहीं किस-किस के साथ बैठती है."

एवढंच. पुढचं इतरांनी केलं.

वास परत आल्यावर मी कामावर आले. सिस्टर तोवर कोविडनं गेल्या होत्या. पुष्पा बरी होऊन परतली, तेव्हा तिच्याजवळ कुणी बसेना. मीही नाही.

एक दिवस सिस्टरांची मुलगी त्यांचं सामान न्यायला आली. पिशवी माझ्या हातात होती. मी ती देणार, एवढ्यात पुष्पा पुढे झाली आणि तिनं हात जोडले. "मुझे माफ कर दो. मेरी वजह से हुआ."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मी पिशवी तिच्या हातात दिली.

कुणाकडून कुणाला लागण झाली, हे कुणीच सिद्ध करू शकत नाही — हे वाक्य मी स्वतःला अनेकदा ऐकवलंय. पण पुष्पाला ताप येण्याआधी माझा वास गेला होता. हे फक्त मला माहीत होतं.

पुष्पानं नंतर नोकरी सोडली. दिवाळीला तिचा मेसेज येतो, आणि मी तो पुन्हा पुन्हा वाचते — हिला कळलंय का? काही टोचून लिहिलंय का? तसं काही नसतं. सिस्टर आपल्यामुळे गेल्या, असं ती अजून धरून चालली आहे, आणि मी ते तसंच राहू दिलं आहे.