कुंकू लागलेला बेसबॉल आणि मानहाइमची एक सही

गेल्या शनिवारी सासूबाईंना घेऊन मानहाइमला जाऊन आले. लोक तिथे राजवाडा बघायला जातात. आम्ही गेलो एका बेसबॉलवरची पुसलेली सही पुन्हा मिळवायला.

मानहाइमला शिकत होते तेव्हा माझ्या खोलीच्या खिडकीतून बेसबॉलचं मैदान दिसायचं. क्रिकेटची तहान त्यावर भागवता भागवता मी तिथल्या संघाची कट्टर चाहती झाले. मग त्यांच्या जुन्या खेळाडूंच्या सह्या जमवायचं खूळ लागलं. त्यातला सगळ्यात लाडका म्हणजे फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या वस्तूंच्या बाजारात, मिळालेला एक पिवळट चेंडू. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या संघातल्या नऊ जणांनी त्यावर शाईपेनाने सह्या केल्या आहेत.

दसऱ्याला आमच्या श्टुटगार्टच्या घरी आईंनी पाटावर माझा लॅपटॉप आणि माझ्या नवऱ्याची, निखिलची, हत्यारं मांडली. सासूबाईंना मी आईच म्हणते. खेळाचं साधनही पुजायला हवं म्हणून त्यांनी कपाटातला चेंडू काढून ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं, ते नेमकं पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, सहीवर. माझा तोल गेला. "माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नका!" असं मी त्यांना सणाच्या दिवशी बोलले.

त्या दिवसापासून आई घरात पाहुण्यासारख्या वागायला लागल्या. "हा कप घेऊ का?" "खिडकी उघडू का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण माफी काही तोंडातून निघेना. शेवटी क्लबला ईमेल केली. पिचर हेर ब्रेमर (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) मानहाइमलाच राहतात आणि शनिवारी कॉफीला बोलावतायत, असं उत्तर आलं. आई लगेच म्हणाल्या, "मी येते. चूक माझी आहे, मीच सांगते त्यांना."

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असेल तर वेगळं तिकीट लागत नाही, पण जलद आयसीई सोडून साध्या गाड्यांनी जावं लागतं. आम्ही ब्रूखझालला गाडी बदलली. दोनाचे अडीच तास धरून चाला. मानहाइमच्या मध्यवस्तीत रस्त्यांना नावं नाहीत, चौकोनी ठोकळ्यांना अक्षर आणि आकडा आहे. "आपल्या चंदीगडसारखं," आई म्हणाल्या आणि माझ्या आधी पत्ता शोधून मोकळ्या झाल्या. वेळ होता म्हणून तिथलं प्रसिद्ध स्पॅगेटी आईस्क्रीम घेतलं. दिसायला थेट शेवया, वर स्ट्रॉबेरीचा सॉस. मी एकच मागवलं होतं. आईंनी विचारलं, "तुझ्यातलं चमचाभर घेऊ का?" मी बशी त्यांच्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

हेर ब्रेमर तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. त्यांनी प्लमचा केक आणून ठेवला होता. उजवा हात सारखा थरथरत होता, म्हणून कॉफी मीच ओतली. मी डबी उघडून चेंडू पुढे केला. आईंनी हात जोडले आणि मराठीतच सुरुवात केली, "ही पूजा मी केली हो. माझ्यामुळे तुमची सही गेली." मी जर्मनमध्ये सांगितलं. हत्यारांची पूजा वगैरे ऐकून त्यांना गंमत वाटली. त्यांनी भिंग काढलं आणि बराच वेळ चेंडू फिरवत बसले.

"आल्झो, म्हणजे असं बघा," ते म्हणाले, "ही पूड कोरडी होती ना? कोरड्या पुडीने शाई जात नाही. नुसती फुंकर मारली असती तरी चाललं असतं. हे कुणीतरी ओल्या फडक्याने घासलंय."

वर मी एक गोष्ट गाळली होती. घासलं मी होतं. कुंकू दिसल्यावर घाबरून स्वयंपाकघरातलं ओलं फडकं आणलं आणि खसाखसा पुसलं. सही त्यात गेली. मी ओरडले ते त्यानंतर.

"काय म्हणाले गं?" आईंनी विचारलं. त्यांना जर्मनचं एक अक्षर कळत नाही. मी काहीही सांगू शकले असते.

"सही कुंकवाने गेली नाही म्हणतात, आई. पुसल्यामुळे गेली. म्हणजे मी घालवली."

"माहीत आहे," आई शांतपणे म्हणाल्या. "मी शेजारीच उभी होते की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी कळवळली होतीस. त्यात आणखी काय बोलायचं?"

मला रडू आलं. परक्या माणसाच्या घरात, तोंडात केक असताना. हेर ब्रेमरनी शहाणपणाने खिडकीकडे बघितलं. मी कशीबशी म्हणाले, "आई, चुकलं माझं. तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

पुन्हा सही करायला ते आधी कबूल होईनात. कागदावर दोनदा करून दाखवली. अक्षरं वेडीवाकडी आली आणि ते ओशाळले. तेव्हा आईंनी चेंडू टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्यांना मानेनेच खूण केली, करा. "गेनाऊ सो, असाच धरा," म्हणत त्यांनी कुंकवाच्या डागाखाली सही केली. बराच वेळ लागला. आईंनी हात हलू दिला नाही.

सह्या जमवणारे सांगतील, आता त्या चेंडूला किंमत नाही. जुन्या सहीची धूसर निळाई, लालसर डाग आणि खाली वाकडंतिकडं नाव. मला आता तो आधीपेक्षा जास्त आवडतो. परत येताना आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या.

रविवारी उशिरा उठले. आई खिडकी सताड उघडून चहा पीत बसल्या होत्या, माझ्या ऑफिसच्या कपात. त्या कपाला निखिलसुद्धा हात लावत नाही. मी दुसरा कप घेतला.