नऊ नंबरच्या चाकांतली हवा

हे गेल्यावर जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग मी काढलं नाही. कसं सोडवायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि शिकावंसंही वाटलं नाही. सासूबाई आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जेवत असू. खाली पावलांशी पेडल होते. केर काढताना मी ते उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवायची.

दर रविवारी दुपारी हे तिथं बसून कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळत. बँकेतले आणि शाळेपासूनचे असे काही मित्र आपापल्या घरून त्याच खेळात उतरायचे. कानाला हेडफोन लावून सगळी चाळिशी-पन्नाशीची माणसं एकमेकांना शिव्या घालायची. ह्यांच्या गाडीचा नंबर नऊ. मी आतल्या खोलीत वाचत बसे आणि दार लोटून घेई.

उन्हाळ्यात ह्यांच्या एका मित्राचा फोन आला. त्यांच्या शर्यतींचा नवा मोसम सुरू होणार होता.

"वहिनी, नऊ नंबर आम्ही यादीत तसाच ठेवणार. मान म्हणून. चालेल ना?"

मी हो म्हणणार होते. पण डोळ्यांपुढे भिंतीवरचा हार घातलेला फोटो आला, आणि घरात तसला एक पुरेसा आहे असं वाटलं.

"फेरीचा नियम आहे ना तुमच्यात?" मी विचारलं. पहिली शर्यत ज्या ट्रॅकवर असेल तिथं आधी दोन मिनिटं पाच सेकंदांच्या आत एक फेरी मारून दाखवायची, नाहीतर गाडी बाद. हा नियम ह्यांनीच केला होता. कुणी आळशीपणा केला की ते तो मोठ्यानं ऐकवायचे, त्यामुळं मला पाठ होता.

"अहो, तो तुम्हाला कशाला लावायचा?"

"गाडीला लावायचा, भावजी. फेरी मी मारीन. नाही जमली तर नंबर काढून टाका."

मग ते हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही गाडी चालवता?"

"स्कूटर," मी म्हणाले.

पहिले काही आठवडे मी फक्त गवतात गेले. मग हळूहळू रस्त्यावर राहू लागले. कॉलेजच्या ग्रंथालयातून आले की चहा घ्यायचा आणि बसायचं. सासूबाई सोफ्यावर शेंगा फोडत बघत. त्या सांगोल्याकडच्या. मुलगा गेल्यापासून दिवसदिवस बोलायच्या नाहीत, पण माझी गाडी घसरली की त्यांना कंठ फुटायचा.

"गेली की गं पुन्हा चरायला!"

"वळणच तसं आहे, आई."

"वळण तितंच हाय. तूच सुटलीस."

ट्रॅक युरोपातला होता. शेवटचं लांबलचक उजवं वळण माझा जीव काढायचं. गाडी आत वळायला उशीर करायची, जड व्हायची आणि बाहेर सरकत जायची. ह्यांनाही ती तिथं अशीच छळायची. इतर ट्रॅकवर पहिले-दुसरे येणारे हे तिथं हमखास शेवटचे. बाकीचे मित्र गाडीच्या जुळवणीचे तयार आकडे इंटरनेटवरून घेत. ह्यांना ते मान्य नव्हतं. "दुसऱ्याच्या मापाचा शर्ट मी घालत नाही," म्हणायचे. गाडीच्या मागचा पंख किती कलता, स्प्रिंग किती कडक, सगळं स्वतः बसवायचे.

मीही तेच करू लागले. एका वेळी एकच आकडा बदलायचा, मग फेरी मारायची. पंख वाढवला तर वळण सुधारलं, पण सरळ रस्त्यावर वेळ गेला. स्प्रिंग मऊ केल्या तर गाडी झुलायला लागली. दोन मिनिटं सहा सेकंदांच्या खाली काही येईना. चाकांतल्या हवेला मात्र मी हात लावला नव्हता. आमच्या घरात तो प्रश्न कधीच मिटलेला होता. सोलापूरच्या उन्हात रस्ता तापतो, टायर तापतं, आतली हवा फुगते. म्हणून हवा थोडी कमीच भरायची. पंपावर हे स्कूटरवरून उतरून पोराला तेवढं बजावायचेच. खेळातही त्यांनी तोच हिशेब ठेवला होता.

फेरी मारून दाखवायच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, त्याच वळणावर मी पुन्हा सुटले. गाडी गवत कापत थेट प्रेक्षकांच्या कठड्याशी जाऊन थांबली.

"बघायला आलेली माणसं हसत असतील बघ," सासूबाई म्हणाल्या.

मी माणसांकडे पाहिलं. एरवी मी त्यांच्याजवळून वेगानं जात असे. सगळ्यांच्या अंगात जाड कोट होते, डोक्यावर लोकरीच्या टोप्या. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिथलं तापमान लिहिलेलं होतं: अकरा अंश. जन्मभर तळटिपा वाचणारी मी, एवढी एक वाचायची राहिली होती. आमच्या खोलीत पंखा गरम हवा फेकत होता आणि मी, आणि माझ्याआधी हे, सोलापुरातल्या वैशाखासाठी तयार केलेली गाडी त्या थंडीत पळवत होतो. तिथं टायर तेवढं तापायचंच नाही, हवा फुगायचीच नाही. चाकं शेवटपर्यंत ढिलीच राहायची.

हवेचा आकडा उघडला, पण बोट पुढं जाईना. बाकीचे आकडे ह्यांनी जुळवले होते. हा मात्र त्यांच्या स्वभावातला होता. मग मनात म्हटलं, तुमचं बरोबरच होतं हो. हे गाव तेवढं आपलं नव्हे.

चारही चाकांत हवा वाढवली. पंख आणि स्प्रिंग पुन्हा ह्यांनी ठेवले होते तिथं नेले.

पहिल्याच वळणाला कळलं. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी त्याच क्षणी वळली, जणू इतके दिवस तिला माझं ऐकू येत नव्हतं. पुढच्या फेरीची वेळ मोजली जाणार होती. शेवटच्या वळणाला मी दात आवळले. गाडी आतल्या कडेला चिकटून राहिली. गवत बाजूनं निघून गेलं.

दोन मिनिटं, तीन सेकंद आणि वर थोडं.

"न्हाय गेली!" सासूबाई उभ्याच राहिल्या. मांडीवरच्या शेंगा फरशीभर झाल्या. "न्हाय गेली की गं चरायला!" आणि त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पेडलवरच वाकले. आम्ही दोघी हसत होतो. रडतही असू.

फेरीची वेळ सगळ्यांना आपापल्या पडद्यावर दिसत असावी. पाचच मिनिटांत ह्यांच्या त्या मित्राचा फोन आला.

"वहिनी, तीन सेकंद? अहो, या ट्रॅकवर त्याला कधी... काय बदललंत तुम्ही?"

"तुम्हाला सांगू? उद्या शर्यत आहे ना?"

"म्हणजे उद्या तुम्ही उतरणार?"

"नऊ नंबर उतरणार," मी म्हणाले.

ते मोठ्यानं हसले. "अगदी त्याच्यासारखं बोललात. तोही कधी सांगायचा नाही."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई वाकून शेंगा गोळा करत होत्या. "उद्या सयपाक लवकर उरकू," त्या म्हणाल्या, "आन् त्या टोपडंवाल्यांच्या पुढनं जाताना जरा जोरात घे."