वहिनींची योद्धी

"नटवायचं आपलं काम, लढायचं तिचं," असं म्हणत वहिनी मोबाईलवरच्या गेममधलं ऑटोचं बटण दाबायच्या आणि दोरा दातात धरून माझ्या भुवयांकडे वळायच्या.

विट्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं पार्लर होतं. नवरा दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरात सोनं गाळायच्या दुकानावर, म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या नवऱ्यांसारखाच. गिऱ्हाईक नसलं की वहिनी गेम खेळायच्या. खेळायच्या म्हणजे तलवारवाल्या बाईचा चेहरा घडवत बसायच्या. नाक किती रुंद, हनुवटी किती पुढे, सगळं सरकवून बघायच्या. रंग मात्र सावळाच. दिवसभर बायकांना गोरं करून कंटाळल्या असाव्यात.

"ह्यात नथ न्हाई व्हय ग?" त्यांनी मला विचारलं. मी इंग्रजी शाळेतली, म्हणजे मला माहीत असणारच. नथ नव्हती. मग त्यांनी जखमांच्या खणातली सगळ्यात छोटी जखम उचलून नाकपुडीवर बसवली.

मग ऑटो. ती बाई आपोआप राक्षस कापायची, वहिनी माझे केस सरळ करायच्या. शेवटी मोबाईल उचलून म्हणायच्या, "जिंकली. भुवया बघ, हलल्याबी न्हाईत."

मला बघायला पाहुणे येणार असले की आई मला तिथे पाठवायची. एकदा वहिनींनी विचारलं, "तितं तू काय बोलतीस?"

"काही नाही. आई सांगते. उरलेलं मामा."

"म्हंजी तुलाबी आटोवरच टाकलंया."

त्या वेळचं स्थळ घरच्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. मला ते नको होतं, हे मी फक्त आरशाला सांगितलं होतं, आणि आरसा वहिनींचा होता. त्यांनी ऑटो बंद करून मोबाईल माझ्या हातात दिला. "हाण."

मी लगेच मेले.

"मेलीस तर मेलीस. बोटं तर तुझी हुती."

संध्याकाळी मी पोह्यांच्या प्लेटा ठेवल्या आणि म्हणाले, "मला हे लग्न करायचं नाही." आवाज इतका बारीक होता, की मुलाच्या आत्याने पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. आई बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. पार्लरबद्दल मात्र पुष्कळ बोलली.

पुढे वहिनींच्या नवऱ्याचा फोन आला: पार्लर बंद कर, इकडे ये. दिरांनी टेम्पोसुद्धा ठरवून टाकला होता.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

वहिनी टॉवेलच्या घड्या घालत होत्या. "म्हणायचं काय त्यात? समदं ठरलंया की." भुवया हलल्या नाहीत.

आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. तो गेम मीही तेव्हाच घेतला होता. त्यात मी अजून वहिनींच्या मैत्रिणींच्या यादीत आहे, त्यामुळे त्यांच्या लढाया मला बघता येतात. वहिनी तिकडे गेल्यापासून ती सावळी बाई ऑटोवर जिंकतच आली होती.

परवा बघितलं तर ऑटोचं चिन्ह बंद होतं. तलवार भलतीकडेच चालत होती, बाई भिंतीला धडकत होती, एका किरकोळ राक्षसाचा मार खात होती. हरली. मी बघतेय तोवर पुन्हा उतरली, ऑटोशिवायच.