तीनदा उठायचं, मंग गप बसायचं

खोटं कशाला बोलू, ते काम मी केलं याचा मला अजून माज आहे. भोकरदनला शेठजींच्या आडतीत सोयाबीन आणणाऱ्याला आता घरबसल्या मोबाइलवर नंबर मिळतो. पाळी जवळ आली की मेसेज जातो, आणि रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागत नाही. हे सगळं मी बसवलं. लहानपणी वडिलांसोबत, म्हणजे आबांसोबत, ट्रॉलीच्या सावलीत दिवसदिवस वाट बघत बसलेली पोरगी आहे मी!

पण पहिल्याच हंगामात माझी पार फजिती झाली.

आडतीतल्या वजनकाट्याच्या खोलीत एकच कॉम्प्युटर. त्यात तीन प्रोग्रॅम, प्रत्येक आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात. एक नंबर देणारा, एक काट्यावरचं वजन वाचणारा, एक मालाचे फोटो लहान करून व्यापाऱ्यांना पाठवणारा. कुठल्या डब्यानं किती मेमरी खायची, याची हद्द आपण आखून द्यायची असते. मी दिलीच नव्हती. आमच्याकडे जेवायला बसलेल्याला किती वाढायचं, हे कुणी मोजतं का? आणि डबा बंद पडला तर काय, तिथं मी डोळे झाकून लिहिलं, नेहमी आपोआप चालू. कारण आमच्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो आहे. लाइट आली की मोटार आपली आपणच सुरू होते, कुणाला शेतात पळावं लागत नाही. मला वाटलं, याहून शहाणपणाचं काय असणार!

ऐन गर्दीत फोटोचा डबा एका भल्यामोठ्या फोटोवर अडकला. सगळी मेमरी खाऊन पडला, आपोआप उठला, तोच फोटो परत तोंडात घातला, परत पडला. त्याच्या पायी नंबरवाल्याला हलायला जागा उरली नाही. बाहेर ट्रॅक्टरला ट्रॅक्टर भिडले, लोक माझ्या नावानं बोंबलायला लागले. एका आठवड्यात हे तीनदा झालं.

शेठजींच्या घराण्याला राजस्थानातून येऊन पिढ्या झाल्या, बोलणं आमच्यासारखंच. बाकीच्या आडत्यांपुढे त्यांनीच माझ्यासाठी शब्द टाकला होता. ते ओरडले नाहीत. टेबलावर नंबर लिहून द्यायच्या कागदी चिठ्ठ्यांचा नवाकोरा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "बेटा, सोमवारी बराबर चाललं तर ठीक. न्हाई तर मी ह्या चिठ्ठ्या काढतो, अन् तुझं मशीन तू घरी घेऊन जा."

रागानं मला रडू आलं. घरी जाऊन आबांवरच भडकले, "पडतंय, उठतंय, पडतंय, उठतंय! काय करू मी?"

आबा शेंगा फोडत बसले होते. "कशाला ओरडून राह्यली? आपल्या मोटारीवानीच झालं की हे."

"मोटारीचं काय मधेच?"

"उन्हाळ्यात कशानं जळाली ती? तू पुण्याला गेल्ती तवा. विहिरीत पाणी न्हाई, मोटार कोरडी फिरून बंद पडायची, अन् ऑटो तिला परत उठवायचा. मेस्तरीनं आता असं बसवलंय, तीनदा उठायचं, मंग गप बसायचं. मंग माणूस जाऊन विहिरीत बघतो."

हातातला चहा मी तसाच ठेवला. अगं बाई! जे मला पुण्यात राहून सुचलं नाही, ते आमच्याच विहिरीवर खांबाला लटकत होतं.

रविवारी सगळं बदललं. फोटोच्या डब्याला मेमरीची हद्द आखून दिली, प्रोसेसरही अर्धाच. पडला तर तीनदाच उठायचं, मग मी येऊन बघेपर्यंत पडून राहायचं. नंबरच्या डब्यासाठी मेमरी राखून ठेवली, त्याला मात्र कितीदाही उठायची मुभा. मग मुद्दाम तोच भलामोठा फोटो घातला. फोटोवाला तीनदा आपटला आणि गप झाला. नंबर चालूच राहिले.

सोमवारी आबाही आमचं सोयाबीन घेऊन आले, वशिला न लावता, मोबाइलवर नंबर घेऊन. अकराच्या सुमाराला फोटोचा डबा खरंच पडला. शेठजींचा हात गठ्ठ्याकडे गेला. मी म्हणाले, "थांबा शेठजी. आधी बाहेर बघा."

बाहेर एक ट्रॉली काट्यावरून उतरत होती, दुसरी चढत होती, तिसऱ्या ट्रॉलीवाल्याच्या खिशात माझा मेसेज वाजला होता. नंबर थांबलेच नव्हते. मी अडकलेला फोटो बाजूला काढला आणि डबा परत चालू केला. समोरचा चहा निवायच्या आत काम झालं. ऊर असा भरून आला की सांगायची सोय नाही.

काट्यापाशी आबा कुणाला तरी सांगत होते, "पोरीनं केलंय हे समदं. पण डोकं आमच्या मोटारीचं हाय, बरं का!" एरवी मी चिडले असते. त्या दिवशी हसत सुटले.

दुपारी शेठजींनी सगळ्यांसाठी भजी मागवली. पहिला पुडा त्यांनी माझ्याच हातात दिला. तेलानं भिजलेल्या कागदावर छापलेली अक्षरं दिसत होती. नंबर, नाव, गाव. शेठजींनी चिठ्ठ्यांचा अख्खा गठ्ठा भजीवाल्याला देऊन टाकला होता.