मावशीच्या वर्गातला खाणकामगार

पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या मावशीने तिसऱ्याच आठवड्यात पिट्सबर्गजवळच्या आमच्या लायब्ररीत प्राणायामाचा वर्ग सुरू केला. अमेरिकेला श्वास घेता येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. दुभाष्या अर्थातच मी.

दर बुधवारी एक म्हातारा स्कॉटिश माणूस यायचा. तिकडची खाण बंद पडली म्हणून तरुणपणी इकडे आला आणि इकडच्या कोळशाच्या खाणीत उतरला. रुंद खांदे, हातांवर निळसर व्रण. मावशी उदबत्ती लावायची, तो खोकायचा. "विष बाहेर पडतंय!" मावशी खूश व्हायची. मी त्याचं भाषांतर 'व्हेरी गुड' असं करायचो.

एकदा तिने त्याला सगळ्यांसमोर टोकलं. "अहो, पोटापासून श्वास घ्या. इतका वरवरचा श्वास कुणी शिकवला तुम्हाला?"

मी विचारलं. तो हसला. "खाणीतल्या मुकादमाने, मॅडम. धूळ उडाली की श्वास कमी घ्यायचा. तीस वर्षं कमीच घेतला. डॉक्टर म्हणतात, तेवढाही जास्त झाला."

मी हे मराठीत सांगितलं. मावशीने घाईघाईने उदबत्ती विझवली. "मग इथे कशाला येता?"

"दवाखान्यात फुप्फुसं तपासायला मला नळीत श्वास सोडायला सांगतात," तो म्हणाला. "श्वास घ्या म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच."

मावशी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि हळूहळू श्वास घेऊ लागली, त्याला जमेल तेवढाच.